आखा मणी

भादवा लागला की आमच्या जव्हारात धुकं घरात राहायला येतं. मागच्या दाराने शिरतं, फडताळात बसतं, मिठाच्या बरणीत उतरतं. काडेपेटीची काडी तीनदा ओढावी लागते. दोरीवरचं लुगडं आठ-आठ दिवस ओलं राहतं आणि त्याचा कुबट वास बाजारापर्यंत सोबत येतो. माणसं दिसत नाहीत, त्यांचे आवाज तेवढे येतात. कुणीतरी अगदी कानाशी खोकतं, वळून बघावं तर सगळं पांढरं. मग बऱ्याच वेळाने त्या पांढऱ्यातून एक छत्री निघते आणि छत्रीखाली कुणीतरी असतं.

आज सकाळी चहा ठेवायला गॅस पेटवला. ज्योतीभोवती फिकट कडं धरलं होतं, चंद्राभोवती खळं पडतं तसं. मी तिथेच उभी राहिले. किती वेळ, कोण जाणे. "अगं, पाणी आटलं," हे मागून म्हणाले तेव्हा भानावर आले. यांनी पुढे काही विचारलं नाही. दर वर्षी भादव्यात एखाद्या सकाळी माझं असं होतं, हे त्यांना ठाऊक आहे.

नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आम्ही साखरशेत गाव सोडून जव्हारात नुकतंच बिऱ्हाड केलं होतं. माहेर-सासर दोन्हीकडे शेती, भात आणि नागली. यांना कचेरीत कारकुनाची नोकरी लागली म्हणून आलो. मी दहावी झालेली, हातातला विळा सुटलेली. सकाळी यांचा डबा भरून दिला की दिवसभर भिंती आणि मी. मूल नव्हतं. पुढेही झालं नाही.

त्या आषाढात एका संस्थेने बायकांसाठी पंधरा दिवसांचं शिबिर भरवलं. घरबसल्या काचेचे मणी करायला शिकवणार होते. आम्ही बारा जणी जमलो. शिकवायला आले ते शकूरभाई, मूळचे फिरोजाबादकडचे, निम्मं आयुष्य भिवंडीत गेलेलं. पांढरी दाढी, उजव्या हाताच्या बोटांवर जुन्या भाजल्याचे गुळगुळीत डाग. बोलायचे हिंदीत, अडलं की मराठीत.

टेबलाच्या कडेला आवळलेला पितळी बर्नर, खाली छोटा सिलिंडर, पायाशी सोनाराकडे असतो तसा भाता. नुसता गॅस पेटवला की ज्योत पिवळी, सुस्त, काजळी धरणारी. भात्यावर पाय दिला की ती एकदम निळी होऊन ताठ उभी राही आणि फुत्कारू लागे. दोन बायका पहिल्याच दिवशी तिथून घरी गेल्या त्या परत आल्या नाहीत.

मला मात्र ती ज्योत सोडवेना. एका हातात लोखंडी सळई, तिला चिकणमातीचा पातळ लेप देऊन वाळवलेली. दुसऱ्या हातात काचेची कांडी. कांडीचं टोक ज्योतीत धरलं की आधी तिथली ज्योत नारिंगी होते, मग काचेला घाम सुटावा तशी ती चकाकते, मग टोकाशी थेंब जमतो, काकवीसारखा दाट. तो थेंब सळईला टेकवायचा आणि सळई फिरवत राहायची. फिरवणं थांबलं की मणी एका अंगाला लोंबतो. मातीचा लेप विसरलात तर मणी सळईलाच जन्माचा चिकटतो. माझा पहिला मणी रक्त पिऊन टम्म झालेल्या गोचिडासारखा दिसत होता. शकूरभाईंनी तो तळहातावर घेऊन बघितला आणि ते हसले नाहीत.

"काच गरम तो कोई भी करता है," ते म्हणाले. "ठंडी करना सीखो, बहन. वरून लवकर थंड झाली आणि आतून गरम राहिली, तर ती मनात राग धरते. आज नाही फुटणार. उद्या फुटेल. सालभराने फुटेल."

म्हणून मणी ज्योतीतून काढला की लगेच गरम राखेत पुरायचा. भाताच्या तुसाची बारीक राख, पत्र्याच्या डब्यात. तिथे तो हळूहळू निवतो. दुसऱ्या दिवशी राखेतून काढायचा, सळईवरून सोडवायचा, भोकातली माती घासून टाकायची.

शिबिर संपलं तेव्हा बर्नर आणि भाता ज्या बाईला घरी न्यायचा असेल तिला मिळणार होता. हात मी एकटीनेच वर केला.

मागच्या पडवीत मी माझं दुकान मांडलं. तीन बाजूंनी कूड, चौथी बाजू उघडी, आणि त्या उघड्या बाजूने धुकं आत. कुडाच्या फटीतून थेंब ठिबकत. ज्योत पेटवली की पडवीतलं धुकं तेवढ्यापुरतं मागे सरे आणि बाहेर दबा धरून उभं राही. भात्यावरचा पाय थांबला की पुन्हा आत.

आणि मग तो आवाज सुरू झाला. टिक्. कुणीतरी नखाने पेला वाजवावा तसा. मी आत भाजी चिरत होते. बाहेर येऊन "कोण आहे?" म्हटलं. कुणी नव्हतं. राखेच्या डब्यावर झाकण होतं तसं होतं. आत वळले, आणि पुन्हा टिक्. दिवसभरात पाच-सहा वेळा तरी. घरात एकटी असताना आपल्या पाठीमागे कुणीतरी असं थांबून थांबून काहीतरी वाजवतंय याची सवय होत नाही. कारण कळलं तरी होत नाही. दुसऱ्या दिवशी राख चाळली तेव्हा निम्मे मणी दुभंगलेले होते. उरलेले धड दिसत. त्यातलेही काही आठ-दहा दिवसांनी, दोऱ्यात ओवलेले असताना, मधोमध तडकत.

चूक माझी होती. शिबिरातून मिळालेल्या काळ्या कांड्या आठवड्यात संपल्या, मग मी कासाराकडून फुटक्या काळ्या बांगड्या आणून त्या वितळवू लागले. त्यांवर पांढऱ्या कांडीचा ठिपका ठेवायचा. काळा मणी, पांढरा डोळा. तान्ह्या पोरांच्या मनगटाला दीठ लागू नये म्हणून बांधतात तो. मला तोच सगळ्यात चांगला जमायचा. ताटलीत पंधरा-वीस मांडून ठेवले की सगळे एकाच दिशेला बघतायत असं वाटे. मी ताटली फिरवून ठेवायची. काम करता करता मान वर केली, की माझ्याकडेच.

जानी आमच्याकडे कंटोळी आणि काकड्या विकायला यायची. डोंगरउतारावरच्या एका पाड्यावरची, माझ्याच वयाची. पाठीला सहा महिन्यांचं पोर बांधलेलं. तिने ताटली बघितली.

"हा दिठीचा हाय ना, बाय?"

"हो. घे. बांध त्याला."

"काय देऊ?"

"काही नको गं."

तिने दोन काकड्या ठेवल्याच. दहा-बारा दिवसांनी ती परत आली. पदराची गाठ सोडून तिने मण्याचे दोन तुकडे माझ्यासमोर धरले. मी ओशाळले. दुसरा देते म्हणाले.

"ताप आला व्हता पोराला," जानी म्हणाली. "दोन दिस नुसता निखारा. तिसऱ्या दिसाला मणी फुटला, न् ताप उतरला. मण्यानं घेतला, बाय. आपल्या अंगावर घेतला."

मी तिला सांगायला हवं होतं की ती बांगडीची काच आहे, माझे निम्मे मणी असेच आपोआप फुटतात. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे: मला बरं वाटलं. त्या गावात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे असं बघत होतं.

त्यानंतर बाया येऊ लागल्या.

वावर-वांगणीकडची पोरं उपासमारीने गेली त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. पेपरात फोटो आले होते, मोठमोठ्या गाड्या येऊन गेल्या होत्या. गाड्या गेल्या आणि भादवा दर वर्षी येत राहिला. श्रावण-भादव्यात जुनं भात संपलेलं असतं, नवं अजून पोटरीत असतं. कणगीचा तळ खरवडायचे दिवस.

सकाळी दार उघडावं तर ओट्यावर चार जणी बसलेल्या. हाक नाही, कडी वाजवणं नाही. कधीपासून बसल्या होत्या कोण जाणे. केसांवर धुक्याचे थेंब जमलेले असत. मांडीवर पोरं. आणि ती पोरं रडत नसत. एवढ्या वर्षांनी अजून माझ्या अंगावर काटा येतो तो त्याने. चार तान्ही एका ओट्यावर, आणि आवाज नाही. डोळे मोठे, कपाळाला आठ्या, म्हाताऱ्या माणसाने उन्हात बसून रस्ता बघावा तशी ती माझ्याकडे बघत. मी मणी बांधायची. मनगट इतकं बारीक की दोऱ्याला तीन वेढे द्यावे लागत. बाया उठत, दहा पावलं जात, आणि पुढे नुसतं धुकं. ओट्यावर मूठभर नागली ठेवलेली असायची.

"घेऊ नकोस गं त्यांच्याकडून," हे म्हणाले.

"मी घेत नाही. ठेवून जातात."

"मग काय देतेस तू त्यांना?"



गोकुळाष्टमीनंतर शकूरभाई शिबिरातल्या बायकांचं कसं चाललंय ते बघायला आले. बघण्यासारखं माझं एकटीचंच होतं. मी त्यांना फुटक्या मण्यांचा डबा दाखवला. त्यांनी एक तुकडा उजेडाकडे धरला.

"दोन वेगळी काच. एक निवताना जास्त आकसते, दुसरी कमी. एका मण्यात कसं जमणार? आणि राख गार होती. आधी शेगडीवर तापव, मग मणी घाल."

त्यांनी सोबत एकाच जातीच्या काळ्या-पांढऱ्या कांड्यांचा जुडगा आणला होता. राख किती गरम हवी ते त्यांनी माझा हात धरून दाखवलं. त्या दिवसापासून माझा मणी फुटेनासा झाला. डबा गप्प झाला. मी मुद्दाम कान देऊन बसायची. एक टिक् नाही. हात बसला होता. रात्रंदिवस दोऱ्यात राहिलेले, पाण्यात पडलेले, पोरांनी चघळलेले मणी तसेच्या तसे. मला केवढा अभिमान वाटला!

पंधरा-वीस दिवसांनी धुक्यातून एक छत्री आली. छत्रीखाली आरोग्य खात्याच्या मालती सिस्टर होत्या. पाडे पायी फिरणारी बाई, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मी या म्हटलं तरी त्या ओट्यावर चढल्या नाहीत.

"मण्यावाली बाई तुम्हीच?"

"हो."

"मणी आखा असेपर्यंत पोराला काही होत नाही, असं सांगता तुम्ही?"

"मी असं कधीच म्हटलं नाही."

"नाही होत असं, हे तरी म्हटलंत का?"

सिस्टर चिडलेल्या नव्हत्या. त्या फार थकलेल्या होत्या.

"आधी तुमचे मणी आठ-दहा दिवसांत फुटायचे," त्या म्हणाल्या. "फुटला की पोरावर काहीतरी आलंय म्हणून बाया घाबरून पोराला घेऊन माझ्याकडे तरी यायच्या. आता फुटतच नाहीत. पोर वाळत चाललंय आणि आई म्हणते, मणी आखा हाय. वजनाला आणत नाहीत, दवाखान्यात नेत नाहीत. काय केलंत तुम्ही?"

"मी चांगले करायला शिकले," मी म्हटलं.

त्या दिवशी त्यांनी मला कुपोषित पोर कसं ओळखायचं, अंगातलं पाणी गेलेलं कसं ओळखायचं ते उभ्याउभ्या शिकवलं आणि निघून गेल्या.

दुसऱ्या सकाळपासून मी बायांना सांगायला लागले. ही नुसती काच आहे. मी करते, या ज्योतीत, या राखेत. हिला तापातलं काही कळत नाही. त्या ऐकून घेत. "व्हय बाय," म्हणत, आणि पोराचं मनगट पुढे करत. मी मणी देत नाही म्हटलं तर उठत नसत. मी आत जाऊन दार लावायची. तासाने फटीतून बघितलं तरी ओट्यावर त्याच पाठी, तशाच. मी राखेबद्दल सांगितलं, तर त्या राखेच्या डब्याकडे, जणू त्यात अंगाराच आहे, अशा बघू लागल्या की मला तो डबा पडवीतून उचलावासा वाटेना. मग मी बांधून द्यायची. दिलं की त्या जायच्या, आणि मला त्या जायला हव्या असायच्या.

पितृपंधरवडा लागला. शेजारच्यांनी कौलावर कावळ्यासाठी ठेवलेला घास दोन दिवस तसाच भिजत पडला होता. धुक्यात कावळेही खाली उतरत नव्हते. अशा एका सकाळी रखमी आली. विशीतली पोरगी, सूर्यमाळच्या बाजूची, पहिल्या गाडीने उतरलेली. काही दिवसांपूर्वी ती माझ्याकडून मणी बांधून घेऊन गेली होती. कडेवर आठ महिन्यांची मुलगी.

"दोरा ढिला झालाय, बाय," ती म्हणाली. "मणी गळून पडतो. दोरा बदलून दे."

मी पोरीचा हात हातात घेतला. दोरा मीच बांधला होता, माझी गाठ मला ओळखता येत होती. गाठ होती तिथेच होती. मनगट आत गेलं होतं.

मी पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती बसली नाही. मळलेल्या कणकेसारखी तशीच वर उभी राहिली.

"रखमे, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. चल, मी येते तुझ्याबरोबर."

"मोठा तिथंच गेला माझा."

"तेव्हाचं वेगळं असेल. हिला सलाईन लावतील, ही वाचेल."

"सासू नाय म्हणते. मणी आखा हाय तवर पोरीला काय नाय, म्हणते."

"आणि तुला काय वाटतं?"

तिने मण्याचा दोरा पोरीच्या हातातून काढला. गाठ सोडावी लागली नाही, नुसता ओढला. मणी माझ्या हातात ठेवला आणि माझ्या डोळ्यांत बघत पुन्हा म्हणाली, "दोरा बदलून दे, बाय."

मी पडवीत गेले. दोरा सोडला. मणी चिमट्यात धरला, ज्योत पेटवली, भात्यावर पाय दिला. हाताला जपून तापवायची सवय लागलेली. मणी आपोआप ज्योतीच्या कडेकडेने फिरायला लागला. मी तो तांब्यातल्या पाण्यात टाकला. चर्र झालं. बाहेर काढला तर धड. पांढरा डोळा माझ्याकडे. मी तो पुन्हा ज्योतीत धरला, आता मधोमध, थेट, अगदी काठ लाल होईपर्यंत. पुन्हा पाण्यात. टिक्.

बाहेर येऊन मी दोन तुकडे रखमीसमोर धरले. "हातात घेतला आणि फुटला," मी म्हटलं.

तुकडे ओले होते, कोमट होते. रखमीने ते घेतले. मग पोरीला घेऊन ती अंगणात उतरली, कुंपणाशी गेली आणि तळहात धुक्यात पुढे केला. तिथे कुणी नव्हतं. पांढऱ्यात काहीतरी काळसर उभं होतं, मोडक्या खांबासारखं. रखमी हात तसाच धरून उभी राहिली, जणू त्या खांबाला दाखवते आहे. तिचे ओठ हलत होते. मी चौकट धरली. मला वाटलं, ही कुणाशी बोलते? आणि त्या पंधरवड्यात असं कुणाकडे हात पसरावा का?

मग ती वळली. "चल बाय. दवाखाना."

आम्ही निघालो. रस्ता पावलापुरता दिसत होता. रखमी पुढे, तिच्या खांद्यावरून पोरीचे उघडे डोळे माझ्याकडे. मागे चिखलात कुणीतरी चालत होतं. मी थांबले की तो आवाज थांबायचा. मी दोनदा वळून बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं नाही.

दवाखान्यात सुईसाठी शीर सापडेना. हाताला नाही, पायाला नाही. शेवटी डॉक्टरांनी कपाळावरचे केस काढून तिथल्या शिरेत सुई घातली. रखमी भिंतीला टेकून खाली बसली. मी दोन दिवस जाऊन-येऊन होते. तिसऱ्या दिवशी मी पेज घेऊन गेले तेव्हा वॉर्डाच्या बाहेरूनच रडणं ऐकू आलं. चांगलं ठणठणीत, चिडकं रडणं. आतल्या सगळ्या बाया हसत होत्या.

मी तशीच सिस्टरांकडे गेले. मला पाड्यांवर न्या म्हणाले. ज्यांना ज्यांना मणी दिलेत त्यांच्याकडे.

चार दिवस आम्ही फिरलो. उतारावरच्या नागलीतून वाट, दोन्ही बाजूंनी ओली पाती पोटऱ्यांना लागत. झोपडी दिसायची ती अगदी हाताशी आल्यावर. काही पोरं बरी होती. दोघांना सिस्टरांनी तिथल्या तिथे दवाखान्यात धाडलं. जानीचं पोर अंगणात रांगत होतं. आणि एका घराच्या दाराला, चौकटीतल्या खिळ्याला, मणी लटकत होता. माझाच.

आत एक बाई सुपात काहीतरी निवडत बसली होती. "पोर कुठाय?" सिस्टरांनी विचारलं.

तिने शेताकडे हनुवटी केली. "गेला. सा दिस झाले."

मग तिने मला ओळखलं. उठली, खिळ्यावरचा मणी काढला आणि माझ्या हातात दिला.

"घेऊन जा, बाय. आखाच राहिला. दुसऱ्या कुणाच्या पोराला व्हईल."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. ती खरंच वस्तू वाया जाऊ नये म्हणून परत देत होती. सिस्टरांनी माझा दंड धरला आणि डोंगर उतरेपर्यंत सोडला नाही. मी खाली येईपर्यंत एकच गोष्ट मोजत होते: माझा हात कच्चा होता तेव्हा आलेली पोरं, आणि हात बसल्यावर आलेली.

"आता मी हे सगळं फेकून देते," मी म्हटलं.

"फेकू नका," सिस्टर म्हणाल्या. "तुमचं कुणी ऐकणार नाही. माझंही नाही. मण्याचं ऐकतील. मण्याचा गुण महिन्याने उतरतो म्हणून सांगा. वजनाच्या दिवशीच बदलून मिळतो म्हणा."

"खोटंच ना ते?"

"हो," त्या म्हणाल्या.

दोन पावसाळे मी सिस्टरांच्या वजनकाट्याशेजारी बसून खोटं बोलले. पोर आधी काट्यात, मग माझ्याकडे. जुना मणी काढायचा, नवा बांधायचा. पोरं आली. रोड पोरं वेळेवर दिसली. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता आणि होतही होता. पण प्रत्येक मनगटाला गाठ मारताना ते सुपात निवडणारे हात दिसायचे. सिस्टरांची बदली झाल्यावर मी बर्नर आणि भाता एका सोनाराला देऊन टाकला. पडवीत आता लाकडं रचलेली असतात.

रखमी पुन्हा आली त्याला मध्ये बरीच वर्षं गेली होती. जव्हारात मोबाइलचे टॉवर आले होते. ती दारात उभी राहिली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. तिच्या शेजारच्या मुलीला तर कशी ओळखणार? दोन वेण्या, लाल रिबिनी. तिला आश्रमशाळेत सोडायला निघाली होती. मी चहा टाकला. मुलगी अंगणात गेली तशी रखमी कप खाली ठेवून म्हणाली,

"मणी तू फोडलास ना, बाय?"

मी होय म्हटलं.

"ठाव हाय. त्यासाठीच आलते मी."

"दोरा बदलायला आली होतीस तू."

"दोरा काय, मला बांधता येत नाय?" ती हसली. "घरी दगडावर ठेवला व्हता मणी. वर दुसरा दगड धरला. हात खाली येईना. भ्या वाटलं, मी फोडला तर पोरीला काय व्हईल. ज्यानं केला त्यानं फोडला तर दोष नाय."

"मग तोंडाने का नाही सांगितलंस मला?"

"सासू आलती ना संगं. कुंपणाशी उभी व्हती. तिनं ऐकलं असतं तर ती पोरीला घेऊन घरीच गेली असती. तुला दिसली नाय? दवाखान्याच्या दारापातूर मागनंच व्हती आपल्या. आत नाय आली."

चहावर साय धरली होती. मी रखमीकडे बघत होते आणि ओट्यावर येऊन गेलेल्या साऱ्या जणी एकेक करून आठवत होते. ज्या मी समजावलं तरी उठल्या नाहीत, दार लावलं तरी बसून राहिल्या. त्यांतली कोण काय मागायला आली होती? मी प्रत्येकीला धड मणी बांधून परत पाठवलं होतं.

"रखमे," मी विचारलं, "त्या दिवशी मी खरंच दोराच बदलून दिला असता तर?"

तिने मुलीची पत्र्याची पेटी उचलून डोक्यावर घेतली. "गाडी सुटंल, बाय," म्हणाली.

मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला निघाले. धुकं उतरलं होतं. मुलगी पुढे पळत होती आणि शाळेतली कुठलीशी प्रार्थना बेसूर, तारस्वरात म्हणत होती. थोड्याच वेळात ती दिसेनाशी झाली. आवाज तेवढा येत राहिला. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. रखमीने तिला एकदाही गप्प बस म्हटलं नाही.